शेवटच्या गावाचा वाटा

नदीचं पाणी समुद्राला मिळालं की ते वाया गेलं, हे आपल्याकडे इतक्या सहजपणे बोललं जातं की त्यासाठी कुणी पुरावा मागत नाही. विधिमंडळातल्या चर्चेत, पाणी परिषदांच्या ठरावांत, अग्रलेखांत ते गृहीत धरलेलं असतं आणि पुढची सगळी गणितं त्यावर रचली जातात. हे गृहीतक तपासायचं तर समुद्राला मिळणाऱ्या त्या पाण्यावर नेमकं कोण जगतं, हे पाहायला हवं. त्यासाठी एखाद्या नदीच्या अगदी तोंडाशी वसलेलं गाव घेणं बरं. असं गाव, की जिथल्या पाण्याच्या आणि पिकाच्या अनेक वर्षांच्या नोंदी उपलब्ध आहेत, शास्त्रज्ञांनी जिथे पिढीभर काम केलं आहे आणि ज्याच्या पाण्याचा तंटा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाली निघाला आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्याच्या वायव्य भागात, मेक्सिकोच्या आखाताला लागून, अ‍ॅपलॅचिकोला नावाचं असं गाव आहे. वस्ती अडीच हजारांच्या आत. त्याच नावाची नदी गावाला वळसा घालून समोरच्या उथळ खाडीत शिरते. फ्लोरिडात निघणाऱ्या दर दहा कालवांपैकी नऊ आणि साऱ्या अमेरिकेतल्या दहांपैकी एक या एका खाडीतून येतं, असं अनेक दशकं सांगितलं जायचं. २०१२ साली तिथली कालवं कोसळली. २०२०च्या डिसेंबरात फ्लोरिडाच्या मत्स्य आणि वन्यजीव आयोगाने खाडीतली नैसर्गिक कालवं काढायला पाच वर्षांपर्यंतची बंदी घातली. ज्या गावाची ओळखच कालवांवर उभी होती, त्या गावात कालवं काढणं गुन्हा ठरलं.

या गावाने आजवर जे जे विकलं ते बहुतेक सगळं नदीने आणून दिलेलं होतं. १८३०च्या दशकात जॉर्जिया आणि अलाबामातला कापूस आगबोटींतून नदीवाटे खाली यायचा, आणि न्यू ऑर्लिन्स व मोबील यांच्या पाठोपाठ आखातावरचं तिसरं मोठं बंदर म्हणून अ‍ॅपलॅचिकोलाचं नाव घेतलं जायचं. तो कापूस गुलामांच्या श्रमातून पिकलेला होता, ही गोष्ट त्या वैभवाच्या वर्णनात बाजूला ठेवता येत नाही. पुढे रेल्वेने कापसाच्या वाटा बदलल्या. मग नदीकाठच्या दलदलीतले सायप्रस तोडून ओंडके प्रवाहात सोडले जाऊ लागले, लाकडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि जुने वृक्ष संपले तशा त्याही थांबल्या. कालवं आधीपासून होतीच, पण ती दूरच्या बाजारापर्यंत टिकायची कशी हा प्रश्न होता. १८८०च्या दशकात रूगे कुटुंबाने ती डब्यात भरून विकायचा कारखाना चालवला. १९०७ साली रेल्वे गावात आली आणि बर्फात रचलेली ताजी कालवं बाहेर जाऊ लागली. बर्फाचं या गावाशी आणखी एक जुनं नातं आहे. जॉन गॉरी नावाचा इथला डॉक्टर तापाच्या रुग्णांच्या खोल्या थंड ठेवायचे उपाय शोधत होता, आणि त्या खटपटीतून त्याने यंत्राने बर्फ तयार केला. १८५१ साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. यंत्रासाठी भांडवल काही उभं राहिलं नाही आणि १८५५ साली तो गेला. पुढच्या काळात जगभरच्या मासळी बाजारांना ज्या तंत्राने बदलून टाकलं, त्याची एक सुरुवात या नदीच्या तोंडाशी झाली.

आता कालवाकडे जरा जवळून पाहू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्या प्राण्याच्या देहधर्मावर उभा आहे. कालवाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत असतं. तेवढ्या काळात त्याला एक इवलासा पाय फुटतो आणि त्या पायाने ते तळ चाचपत हिंडतं. त्याला कडक जागा लागते, आणि सगळ्यांत जास्त पसंत पडते ती दुसऱ्या कालवाची शिंपली. जागा मनास आली की ते एक प्रकारचा डिंक सोडून आपली डावी शिंप तिथे कायमची चिकटवतं आणि त्यानंतर आयुष्यभर तिथून हलत नाही. पिढ्यांवर पिढ्या अशा एकमेकींच्या पाठीवर बसत गेल्या की खाडीच्या तळाशी थर तयार होतात. अ‍ॅपलॅचिकोलात या थरांना गावकऱ्यांनी दिलेली नावं आहेत: कॅट पॉइंट, ड्राय बार, ईस्ट होल. जागचं हलता येत नसल्यामुळे कालवाला पाण्याशी जुळवून घेण्यावाचून गत्यंतर नसतं. ते पाणी आत ओढतं, त्यातले सूक्ष्मजीव गाळून खातं आणि उरलेलं बाहेर टाकतं. अनुकूल परिस्थितीत एक मोठं कालव दिवसाला दीडशे-दोनशे लिटरपर्यंत पाणी गाळतं. निव्वळ समुद्राचं खारं पाणी त्याला मारत नाही, पण त्या पाण्याबरोबर त्याचे शत्रू येतात. शिंपेला भोक पाडून आतलं मांस शोषणारी समुद्री गोगलगाय, नांगीने शिंप फोडणारा खेकडा आणि पर्किन्सस नावाचा परजीवी, या सगळ्यांना खारटपणा मानवतो. नदीचं गोड पाणी मिसळलं की हे शत्रू मागे हटतात आणि कालव तगतं. गोड पाणी फार झालं तर कालवंही मरतात. मोठ्या पुरांत ते घडतंच. म्हणजे या प्राण्याला नदी आणि समुद्र यांच्यातली एक अरुंद पट्टी लागते, आणि ती पट्टी कुठे पडेल हे नदीत त्या महिन्यात किती पाणी आहे यावर ठरतं. अ‍ॅपलॅचिकोलाच्या खाडीला समुद्राच्या बाजूने सेंट जॉर्ज, सेंट व्हिन्सेंट अशा लांबट बेटांचा आडोसा आहे, त्यामुळे नदीचं पाणी चटकन समुद्रात न जाता खाडीत रेंगाळतं. तिथलं पाणी उबदार असल्यामुळे कालवं वेगाने वाढतात, साधारण दीड वर्षात विकण्याजोगी होतात. नदी फक्त गोडवाच आणत नाही. फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीतले रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांनी १९७०च्या दशकापासून या खाडीचा अभ्यास केला, आणि पुराच्या दिवसांत काठच्या जंगलातला पालापाचोळा व पोषकद्रव्यं खाडीत येतात, त्यांवर खाडीतलं जीवन पोसतं, हे त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आलं.

या पट्टीवर माणसं कशी जगत होती तेही पाहण्यासारखं आहे. कालवं काढायला ड्रेजरसारखी यंत्रं वापरायची इथे मुभा नव्हती. छोट्या होडीच्या काठावर उभं राहायचं, तीन-चार मीटर लांब दांड्यांचा, तोंडाशी दाते असलेला लाकडी चिमटा पाण्यात सोडायचा, दांडे उघडत-मिटत तळावरची कालवं गोळा करायची आणि तो भरलेला चिमटा हातांवर हात टाकत वर ओढायचा. खाली काय आहे ते दिसत नाही; दांड्यातून हाताला जी थरथर जाणवते तिच्यावरून चिखल आहे, वाळू आहे की कालवं आहेत ते ओळखायचं. वर आलेला ढिगारा होडीतल्या फळीवर पडायचा आणि तिथे दुसरा माणूस, बहुतेकदा बायको किंवा मुलगा, लोखंडी पट्टीने एकमेकांना चिकटलेली कालवं सुटी करायचा. तीन इंचांपेक्षा लहान असतील ती आणि रिकाम्या शिंपल्या तिथल्या तिथे पाण्यात परत. उरलेली गोणपाटाच्या पोत्यात. संध्याकाळी पलीकडच्या ईस्टपॉइंटच्या काठावर कालवं फोडणाऱ्यांच्या शेडमध्ये बोथट सुरीने शिंप उघडून मांस भांड्यात. या कामाला भांडवल थोडं लागायचं. होडी, चिमटा आणि परवाना एवढ्यावर माणूस स्वतःचा मालक असायचा. परत टाकलेल्या लहान कालवांची आणि शिंपल्यांची गोष्ट मी मुद्दाम सांगितली, कारण पुढे तीच निर्णायक ठरते.

नदीच्या दुसऱ्या टोकाला काय होतं? अ‍ॅपलॅचिकोला नदी चॅटाहूची आणि फ्लिंट या दोन नद्यांच्या संगमातून बनते, आणि त्या दोन्ही नद्यांचं बहुतेक पाणलोट क्षेत्र जॉर्जिया राज्यात आहे. चॅटाहूची उत्तरेच्या डोंगरांतून निघून अटलांटा शहराजवळून वाहते. तिच्यावर १९५०च्या दशकात ब्युफर्ड धरण झालं, त्यामागे लेक लनिअर हा प्रचंड जलाशय पसरला, आणि साठ लाखांच्या घरात वस्ती असलेल्या या महानगराची तहान मुख्यतः त्यावर भागू लागली. फ्लिंट नैर्ऋत्य जॉर्जियाच्या शेतांतून येते. तिथे १९७०च्या दशकापासून भुईमूग, कापूस आणि मका यांच्यासाठी फिरत्या तुषार यंत्रांनी सिंचन वाढलं. त्यासाठी उपसलं जाणारं भूजल ज्या चुनखडीच्या थरात आहे, त्याच थरातले झरे फ्लिंटला पाणी पुरवतात. संगमापाशी जिम वुडरफ धरण आहे आणि त्याचे दरवाजे लष्कराच्या अभियंता दलाच्या हाती आहेत. त्या धरणाच्या खाली समुद्रापर्यंत सुमारे १७० किलोमीटर नदी, आणि शेवटी आपलं गाव. आपल्याकडे पाटाच्या टेलला असलेल्या शेतकऱ्याची जी स्थिती असते, तीच या गावाची आहे: वर काय घडतं ते त्याच्या हातात नाही, आणि जे उरतं ते त्याच्या वाट्याला येतं.

२०११ आणि २०१२ ही वर्षं कोरडी गेली. २०१२च्या उन्हाळ्यात वुडरफ धरणातून सुटणारा प्रवाह कित्येक महिने ५,००० क्युसेकच्या आसपास, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान रेषेशी, अडकून राहिला. खाडी खारट झाली, गोगलगायी आत शिरल्या आणि चिमट्यात रिकाम्या शिंपा येऊ लागल्या. २०१२ साली खाडीतून तीस लाख पौंडांच्या आसपास कालवाचं मांस निघालं होतं. दुसऱ्याच वर्षी ते जेमतेम एक तृतीयांश उरलं, आणि पुढे जवळजवळ संपलंच. २०१३ साली केंद्र सरकारने तिथे मत्स्य आपत्ती जाहीर केली. त्याच वर्षी फ्लोरिडाने जॉर्जियाविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. २०२१च्या एप्रिलमध्ये न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी लिहिलेला एकमताचा निकाल आला आणि फ्लोरिडा हरलं. न्यायालयाचं म्हणणं असं, की एका राज्याने दुसऱ्या राज्याविरुद्ध असा हुकूम मागायचा तर पुरावा स्पष्ट आणि खात्री पटवणारा हवा, आणि जॉर्जियाच्या पाणीवापरामुळेच कालवं कोसळली हे फ्लोरिडाला तसं सिद्ध करता आलं नाही.

निकालपत्रात फ्लोरिडाविरुद्ध जे नोंदवलं आहे ते गंभीर आहे. २०१०च्या एप्रिलमध्ये आखातात डीपवॉटर होरायझनची तेलगळती झाली. तेल खाडीत येण्याआधी कालवं काढून घेऊ द्यावीत म्हणून राज्याने निर्बंध सैल केले. तेल या खाडीत आलंच नाही, पण त्यानंतरच्या दोन वर्षांत विक्रमी कालवं उपसली गेली. दुसरं, काढलेल्या कालवांच्या शिंपल्या पुन्हा खाडीत पसरणं हे राज्याचं जुनं काम होतं. ते त्या काळात फार कमी झालं होतं. याशिवाय फ्लोरिडाच्याच तज्ज्ञांनी मांडलेल्या प्रतिमानांतून असं निघत होतं, की जॉर्जियाने उपसा कमी केला असता तरी कालवांच्या प्रमाणात थोडाच फरक पडला असता. नदीच्या बाजूने बोलणाऱ्याने हे तीनही मुद्दे टाळून पुढे जाऊ नये. पहिले दोन मला पूर्ण मान्य आहेत. ज्या राज्याने आपल्या वाटणीची काळजी घेतली नाही, त्याने शेजाऱ्याकडे बोट दाखवताना न्यायालयाने त्याला अडवावं, यात गैर काही नाही, आणि हाती आलेल्या पुराव्यावर तो निकाल चुकीचा होता असंही माझं म्हणणं नाही.

माझा आक्षेप आहे तो निकालाआधीच्या प्रश्नावर, आणि तो तिसऱ्या मुद्द्यातून उघड होतो. एकेका वापरणाऱ्याला बाजूला काढून ‘तू एकट्याने किती बिघडवलंस’ असं विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर ‘थोडंसं’ असंच येणार. शेतीचा उपसा थोडा, शहराचा थोडा, जलाशयांवरचं बाष्पीभवन थोडं. अभियंता दलाने मालवाहू नावांसाठी अनेक दशकं नदीचं पात्र खोदलं, त्यामुळे पात्र खचलं आणि तेवढ्याच पाण्यात काठचं जंगल पूर्वीइतकं भिजेनासं झालं. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाने ते नोंदवलं आहे. तिथल्या ट्युपेलो वृक्षांच्या फुलांपासून मिळणारा मध प्रसिद्ध आहे, आणि ते वृक्षही घटले. या सगळ्यांची बेरीज खाडीच्या अंगावर येते, पण ती बेरीज कुणाचंच कृत्य नसल्यामुळे तिच्याविरुद्ध दावा लावता येत नाही. कालवाच्या बाजूने पाहिलं तर कारणं वेगळी काढताच येत नाहीत. जास्त उपसा झाला की साठा कमी होतो. शिंपल्या परत टाकल्या नाहीत की नव्या पिल्लांना बसायला जागा नसते. पाणी आटलं की जी उरली आहेत त्यांना शत्रू खातो. तिन्ही एकाच वेळी घडलं तर थर उठतो. सिद्ध करण्याचा भार मात्र नेहमी खालच्या गावावर पडतो. वरच्याने पाणी आधी घ्यायचं आणि खालच्याने नंतर नुकसान मोजून दाखवायचं, अशीच ही व्यवस्था आहे. आणि खालच्याच्या हाती पुरावा येतो तोवर त्याच्याजवळ वाचवण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

यावर कुणी म्हणेल, दुष्काळ तर निसर्गाचा होता, मग पाणी वापरणाऱ्यांना दोष कशाला? पण भरल्या वर्षी वर कितीही उपसा झाला तरी खाडीला तो जाणवत नाही. तो जाणवतो दुष्काळातच, आणि नेमका तेव्हाच शेतीचा उपसा सर्वांत जास्त असतो. जॉर्जियाला हे ठाऊक होतं. त्या राज्याने २००० साली फ्लिंटच्या खोऱ्यासाठी एक कायदा केला, त्याप्रमाणे दुष्काळी वर्षी शेतकऱ्यांना मोबदला देऊन काही जमिनीचं सिंचन थांबवता येतं. २००१ आणि २००२ साली तसं केलंही. २०११ आणि २०१२ साली ते वापरलं नाही. खटल्यात नेमलेले पहिले विशेष अधिकारी राल्फ लँकेस्टर यांनी २०१७च्या अहवालात फ्लोरिडाचा दावा फेटाळण्याचीच शिफारस केली होती, पण जॉर्जियातल्या शेतीच्या पाणीवापराला जवळपास लगाम नाही, हेही त्यांनी स्पष्ट नोंदवलं होतं. वरच्या भागातली माणसं वेगळा विचार करूच शकत नाहीत, असंही नाही. भुईमुगाची शेती असलेले जिमी कार्टर जॉर्जियाचे गव्हर्नर असताना १९७३ साली त्यांनी फ्लिंटवरचं स्प्रूएल ब्लफ धरण नाकारलं होतं.

दुसरा आक्षेप संख्येचा आहे आणि तो ऐकताना बिनतोड वाटतो. एका बाजूला साठ लाखांचं शहर, दुसऱ्या बाजूला काही हजार कोळी. कालवांसाठी माणसांना तहानलेलं ठेवायचं का? पण ही निवड कुणापुढे कधी आलीच नव्हती. शहर नदीतून घेतं त्या पाण्याचा मोठा भाग शुद्ध होऊन नदीत परत जातो, आणि २०००नंतर अटलांटाने आपला दरडोई वापर बराच खाली आणला, हे मान्य करायला हवं. खोऱ्यातलं जे पाणी परत येत नाही त्यात मोठा वाटा सिंचनाचा आहे. म्हणजे खरी तुलना दुष्काळी उन्हाळ्यातल्या काही भुईमूग-मक्याच्या क्षेत्राची खाडीशी आहे. ती अवघड आहे, शेतकऱ्याचंही पोट तिच्यात आहे, पण ती पैशाने आणि कराराने सोडवता येते, याचा दाखला त्याच राज्याच्या कायद्यात आहे. शिवाय खाडीच्या बाजूने फक्त कालवंवाल्यांची डोकी मोजणंही अपुरं आहे. त्याच पाण्यावर कोळंबी, खेकडे आणि आखातातल्या कित्येक माशांची पिल्लं वाढतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. २०१३नंतर पाऊस परतला, नदीही भरून वाहिली. मग कालवं का परतली नाहीत? पाणी हेच कारण असतं तर पाण्याने ती परत यायला हवी होती. याचं उत्तर १९८५ सालच्या एलेना चक्रीवादळात शोधता येतं. त्या वादळाने खाडीतले बहुतेक थर उद्ध्वस्त केले होते, पण नवी पिल्लं झपाट्याने बसली आणि थोड्याच वर्षांत धंदा पुन्हा उभा राहिला. तेव्हा तळाशी शिंपल्या होत्या आणि नदीत पाणी होतं. २०१२नंतर जिवंत कालवं इतकी कमी उरली की पिल्लंच कमी झाली, आणि जी झाली त्यांना बसायला तळावर पुरेशी कडक जागा नव्हती. नुसतं पाणी आणून ते भरून निघत नाही, तशा नुसत्या शिंपल्या टाकूनही निघत नाही. एका मर्यादेपलीकडे खचलेली खाडी सावकाशसुद्धा परत येईल याची हमी नसते, आणि म्हणून तिच्या बाबतीत नुकसान सिद्ध होईपर्यंत थांबणं परवडत नाही.

पिंजऱ्यात कालवं वाढवा, असा चौथा सल्ला दिला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. फ्लोरिडाच्याच किनाऱ्यावर सीडर की नावाचं गाव आहे. १९९४ सालच्या मतदानाने राज्यात मोठ्या जाळ्यांवर बंदी आली, तेव्हा तिथल्या कोळ्यांना सरकारी प्रशिक्षणातून शिंपल्यांची शेती शिकवली गेली आणि त्या शेतीवर ते गाव खरोखर उभं राहिलं. अ‍ॅपलॅचिकोलातही आता भाडेपट्ट्याच्या पाण्यात पिंजऱ्यांतली कालवं वाढवली जातात. पण सीडर की सुवानी नदीच्या मुखाजवळ आहे, आणि सुवानीवर वरच्या अंगाला मोठी धरणं नाहीत. म्हणजे तिथल्या शेतीलाही नदीचंच पाणी लागतं. पिंजऱ्यासाठी बीज विकत घ्यावं लागतं, भांडवल लागतं, पट्टा नावावर असावा लागतो. ज्याच्याजवळ फक्त होडी आणि चिमटा होता, त्याला हे दार आपोआप उघडत नाही. आणि तळाशी पसरलेले थर माशांना आसरा देतात, काठाची धूप कमी करतात. ते काम पिंजरा करत नाही.

या प्रकरणातला एक तपशील मात्र वेगळी वाट दाखवतो. वुडरफ धरणातून ५,००० क्युसेक तरी सोडायचंच, ही किमान रेषा आली ती मुख्यतः नदीतल्या दुर्मिळ शिंपल्यांमुळे आणि आखातातून नदीत येणाऱ्या स्टर्जन माशामुळे. हे गोड्या पाण्यातले शिंपले कुणी खात नाही, त्यांचा बाजार नाही. पण धोक्यात आलेल्या जातींच्या कायद्यात त्यांची नावं आहेत, म्हणून धरणाच्या दरवाजांना त्यांच्यासाठी थांबावं लागतं. खाडीतलं कालव धोक्यातली जात नाही, ते इतरत्र भरपूर आहे, त्यामुळे त्याच्यासाठी अशी रेषा नाही. म्हणजे मुखाशी किती पाणी पोचलं पाहिजे हे आधी ठरवून लिहून ठेवणं अशक्य नाही. ज्यांच्या नावाने ते लिहायचं त्यांना कायद्यात जागा हवी.

आपल्याकडे ती जागा किती आहे ते पाहिलं तर फार दूर जावं लागत नाही. कावेरी लवादाने २००७ साली ७४० टीएमसीची वाटणी केली, त्यात १० टीएमसी पर्यावरणासाठी ठेवलं आणि ४ टीएमसी समुद्रात टाळता न येण्याजोगं निसटणारं म्हणून मांडलं. खाडीचा वाटा ठरवल्याऐवजी गळती धरून दिली आहे, अशी ती नोंद वाचताना वाटतं. महाराष्ट्रात कोयनेचं उदाहरण आहे. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला मान्य केलेलं ६७.५ टीएमसी पाणी वीज तयार करून पोफळीजवळ वाशिष्ठीत उतरतं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीला जातं. हे कोयनेचं अवजल उचलून मुंबईला किंवा अन्यत्र नेण्याच्या योजना वर्षानुवर्षं चर्चेत आहेत, आणि त्यांचं समर्थन करताना पहिलं वाक्य हेच असतं की ते समुद्रात वाया जातं. वाशिष्ठीची गोष्ट अ‍ॅपलॅचिकोलासारखी सरळ नाही, कारण हे पाणी मुळात त्या खोऱ्याचं नव्हे. ते आलं तेव्हाही खाडीचा खारटपणा बदलला असणार आणि ते काढून घेतलं तरी पुन्हा बदलेल. पण म्हणूनच मोजून पाहायला हवं. कोकणातल्या खाड्यांत ओहोटीला खडकावरची कालवं फोडणाऱ्या आणि चिखलातून तिसऱ्या, मुळे वेचणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकींजवळ परवाना नाही, पावती नाही, सहकारी सोसायटीत नाव नाही. फ्लोरिडाजवळ अनेक दशकांच्या नोंदी होत्या, विद्यापीठ होतं, वकिलांची फौज होती, तरी त्याला नुकसान सिद्ध करता आलं नाही. ज्यांच्या पोत्यांची मोजदादच नाही त्यांनी ते कुठल्या न्यायालयात आणि कशाच्या आधारे सिद्ध करायचं? पाणी वळवणाऱ्याने आधी दाखवून द्यावं, की खाडीला किती लागतं, कुठल्या महिन्यात लागतं आणि ते सोडून किती उरतं. दमणगंगा-पिंजाळपासून नार-पारपर्यंतच्या नदीजोड प्रकल्पांचे अहवाल लिहिताना हा आकडा पहिल्या पानावर यायला काहीच हरकत नाही.

अ‍ॅपलॅचिकोलाच्या खाडीत २०२६च्या सुरुवातीला मर्यादित प्रमाणात कालवं काढायची परवानगी पुन्हा देण्यात आली. त्याआधीची काही वर्षं तळावर शिंपल्या आणि दगड पसरण्याचं काम चालू होतं. परवाने किती द्यायचे, पोती किती भरू द्यायची आणि हंगाम कधी थांबवायचा, हे सगळं फ्लोरिडाच्या आयोगाला ठरवता येतं. पुढचा दुष्काळ येईल तेव्हा वुडरफचे दरवाजे किती उघडायचे, हे त्या आयोगाच्या हातात नाही.